अमांडा (बॅकअप प्रणाली)

अमांडा ही संगणकजाळ्यातील अनेक संगणकांवरील माहितीच्या राखीव प्रती, म्हणजेच बॅकअप, एका मध्यवर्ती संगणकावर आपोआप घेणारी आणि गरज पडेल तेव्हा त्या प्रतींतून माहितीची पुनःस्थापना करणारी मुक्त स्रोत प्रणाली आहे. 'ॲडव्हान्स्ड मेरीलँड ऑटोमॅटिक नेटवर्क डिस्क आर्कायव्हर' या लांबलचक इंग्रजी नावातील अक्षरे घेऊन तिचे सुटसुटीत नाव तयार झाले. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क येथील संगणकशास्त्र विभागात १९९१ च्या सुमारास जेम्स द सिल्व्हा यांनी तिची निर्मिती केली. युनिक्स व लिनक्स हे तिचे मूळ क्षेत्र असले तरी विंडोज आणि मॅकओएस संगणकांचे बॅकअपही तिच्याद्वारे घेता येतात.

अमांडा स्वतः फाइली वाचून त्यांची प्रत करीत नाही. ते काम ती प्रत्येक संगणकावर आधीपासूनच असलेल्या 'डंप' किंवा 'टार' या जुन्या आज्ञावलींकडे सोपवते. कोणत्या रात्री कोणत्या डिस्कची किती प्रत घ्यायची याचे नियोजन, प्रतींची जाळ्यावरून वाहतूक, फितींचा हिशेब, नोंदी आणि सकाळचा अहवाल एवढे ती स्वतःकडे ठेवते. या श्रमविभागणीचा परिणाम असा, की अमांडाने घेतलेली प्रत अमांडा हाताशी नसतानाही वाचता येते. तिच्यानंतर आलेल्या अनेक प्रणाली सोयी आणि वेग यांत तिच्यापुढे गेल्या आहेत, तरी या एका गुणात तिची बरोबरी फार थोड्यांनी केली आहे.

पार्श्वभूमी

युनिक्समध्ये राखीव प्रती घेण्याची साधने पहिल्यापासून होती. डंप ही आज्ञावली युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ मध्ये, आणि टार ही सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये आली. टार या शब्दातच 'टेप' दडलेला आहे. त्या काळी विभागात एखादाच मोठा संगणक असे. रात्री त्याच्यावर फीत चढवायची, डंप चालवायची आणि सकाळी फीत कपाटात ठेवायची, एवढ्यावर काम भागत असे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. विद्यापीठांतून टेबलाटेबलावर वर्कस्टेशन आले आणि प्रत्येकाला स्वतःची डिस्क आली. जी माहिती एका खोलीत होती ती शंभर खोल्यांत विखुरली, आणि शंभर जणांनी आपापल्या प्रती आठवणीने घ्याव्यात ही अपेक्षा अर्थातच फोल ठरली. त्याच सुमारास व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी बनलेल्या ८ मिलिमीटर फितीचा संगणकाच्या साठवणीसाठी उपयोग होऊ लागला. अशा एका फितीत सुमारे २ गिगाबाइट माहिती मावत असे. अनेक वर्कस्टेशनांचा एका रात्रीचा बॅकअप एकाच फितीवर घेणे त्यामुळे प्रथमच शक्य झाले.

अडचण वेगळीच निघाली. फितीचे यंत्र सेकंदाला सुमारे पाव मेगाबाइट माहिती लिहू शके, पण जुने वर्कस्टेशन आपली माहिती संक्षेपित करून जाळ्यावरून पाठवी ती त्याहून बऱ्याच मंद गतीने. फितीच्या यंत्राला अखंड प्रवाह लागतो. प्रवाह तुटला की यंत्र थांबते, फीत थोडी मागे घेते आणि पुन्हा पुढे सरकते. वारंवार असे झाले तर वेळही जातो आणि फीतही झिजते. एकामागून एक संगणक घेत गेल्यास रात्र संपे, काम संपत नसे. अमांडाची रचना समजून घेण्यासाठी हा पेच लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक भाग याच पेचाचे उत्तर म्हणून घडला आहे.

इतिहास

अमांडाची समांतर बॅकअपची कल्पना १९९२ च्या उन्हाळी यूझनिक्स परिषदेतील एका निबंधाद्वारे जाणकारांपुढे आली. पुढील वर्षी यूझनिक्सच्याच 'लिसा' या प्रणाली-व्यवस्थापकांच्या परिषदेत द सिल्व्हा आणि ओलाफुर गुडमुंडसन यांनी संपूर्ण प्रणालीचे वर्णन करणारा निबंध सादर केला. प्रणालीचा स्रोत कोणालाही घेता, बदलता आणि वाटता येईल अशा उदार परवान्याखाली विद्यापीठाने ती खुली केली होती. ती झपाट्याने पसरली याचे हे मोठे कारण.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यापीठातील काम मंदावले आणि प्रणाली स्वयंसेवकांच्या हाती गेली. पर्ड्यू विद्यापीठातील जॉन जॅक्सन, ब्राझीलमधील अलेशांद्रे ऑलिव्हा आणि पुढे दीर्घकाळ मुख्य सांभाळकर्ते राहिलेले झाँ-लुई मार्टिनो यांची नावे या संदर्भात घेतली जातात. कर्टिस प्रेस्टन यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युनिक्स बॅकअप अँड रिकव्हरी' या ग्रंथात जॅक्सन आणि ऑलिव्हा यांनी अमांडावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कित्येक वर्षे तेच तिचे सर्वांत वाचनीय दस्तऐवजीकरण होते.

२००५ मध्ये झमांडा ही कंपनी अमांडाला व्यावसायिक आधार देण्यासाठी स्थापन झाली. २.५ क्रमांकाच्या आवृत्तीत एकच प्रत अनेक फितींवर विभागण्याची सोय आली, आणि २.६ मध्ये फितीखेरीज साध्या डिस्कवर किंवा ॲमेझॉनच्या दूरस्थ साठवणीत लिहिण्यासाठी समान पद्धत आली. झमांडा २०१२ मध्ये कार्बोनाइट या कंपनीकडे आणि २०१८ मध्ये बेटसोलकडे गेली. मालकी बदलत राहिली तरी मूळ प्रणालीचा स्रोत खुलाच राहिला.

रचना

अमांडाच्या व्यवस्थेत एक बॅकअप सर्व्हर असतो आणि ज्यांची माहिती जपायची ते बाकीचे संगणक क्लायंट असतात. फितीचे यंत्र किंवा साठवणीची मोठी डिस्क सर्व्हरला जोडलेली असते. प्रत्येक क्लायंटवर एक छोटी आज्ञावली सर्व्हरच्या निरोपाची वाट पाहत असते. निरोप आला की ती डंप किंवा टार चालवते आणि त्यातून निघालेला प्रवाह सर्व्हरकडे पाठवते. संक्षेपण क्लायंटवर करायचे की सर्व्हरवर, हे प्रत्येक डिस्कसाठी वेगळे ठरवता येते. क्लायंट जुना आणि दुबळा असेल तर ते सर्व्हरवर करणे बरे, जाळे मंद असेल तर क्लायंटवर.

व्यवस्थापकाला मुख्यतः दोन मजकूर-फाइली लिहाव्या लागतात. एकीत चक्राचा कालावधी, फितींची संख्या, फितीचा प्रकार अशा सर्वसाधारण बाबी असतात. दुसरीत जपायच्या डिस्कची किंवा निर्देशिकांची यादी असते: संगणकाचे नाव, डिस्कचे नाव आणि प्रत घेण्याचा प्रकार. या यादीत ज्याचे नाव नाही त्याची प्रत निघत नाही. विभागात नवा संगणक आला आणि यादीत त्याची भर घालायची राहिली, तर ही चूक डिस्क बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अमांडाच्या कोणत्याही तांत्रिक दोषापेक्षा या मानवी विस्मरणाचा धोका मोठा मानावा लागेल.

पातळ्या आणि नियोजक

डंपच्या जुन्या परंपरेनुसार बॅकअपच्या पातळ्या ० ते ९ या अंकांनी ओळखल्या जातात. पातळी ० म्हणजे संपूर्ण प्रत. पातळी १ मध्ये शेवटच्या पातळी ० नंतर बदललेल्या फाइली येतात. पातळी २ मध्ये शेवटच्या पातळी १ नंतरचे बदल येतात आणि याच क्रमाने पुढे. पातळी जितकी वरची तितकी रात्रीची प्रत लहान. मात्र पुनःस्थापनेच्या वेळी आधी ०, मग १, मग २ अशा सर्व पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्या लागतात, आणि त्यांतील एक फीत जरी खराब निघाली तरी पुढच्या सर्व पायऱ्या निकामी होतात. म्हणून अमांडा वरच्या पातळीवर सहजासहजी जात नाही. तसे केल्याने व्यवस्थापकाने ठरवलेल्या मर्यादेहून अधिक जागा वाचणार असेल, तरच ती पातळी वाढवते.

जुनी रूढ पद्धत अशी होती, की रविवारी रात्री सर्व डिस्कची पूर्ण प्रत घ्यायची आणि इतर रात्री फक्त बदल टिपायचे. शाळेतील सगळ्या वर्गखोल्यांची सफाई एकाच रविवारी काढावी तसा हा प्रकार होता: एक दिवस दमछाक आणि बाकीचे सहा दिवस झाडू कोपऱ्यात. अमांडाचा नियोजक रोज थोड्या खोल्या उरकतो. समजा, ३५ डिस्क आहेत, प्रत्येकीवर २ गिगाबाइट माहिती आहे आणि चक्र सात रात्रींचे आहे. जुन्या पद्धतीत रविवारी ७० गिगाबाइट लिहावे लागतील. अमांडा प्रत्येक रात्री पाच डिस्कची पूर्ण प्रत आणि उरलेल्या तिसांचे केवळ बदल घेईल. म्हणजे रोज १० गिगाबाइट आणि वर थोडेसे. आठवड्यात प्रत्येक डिस्कची पूर्ण प्रत एकदा निघतेच, पण कोणतीही रात्र जड जात नाही.

प्रत्यक्षात डिस्क सारख्या आकाराच्या नसतात, म्हणून नियोजक रोज नव्याने हिशेब मांडतो. रात्रीचे काम सुरू होताच तो प्रत्येक क्लायंटला विचारतो, की पूर्ण प्रत किती मोठी होईल आणि केवळ बदलांची किती. आलेल्या अंदाजांवरून तो त्या रात्रीची यादी करतो. रात्र हलकी दिसली तर उद्याची पूर्ण प्रत आजच उरकतो. फितीवर जागा पुरणार नसेल तर एखादी पूर्ण प्रत पुढे ढकलतो आणि तिच्याऐवजी बदलांची प्रत घेतो, व तसे अहवालात नमूद करतो.

नव्याने अमांडाकडे वळणाऱ्या अनेक व्यवस्थापकांना हे पचत नाही. रविवारची पूर्ण प्रत अमुक फितीवर आहे हे बोट दाखवून सांगता येण्याचे समाधान तिच्यात नाही. कोणती डिस्क कोणत्या फितीवर आहे हे तिच्या नोंदींनाच विचारावे लागते. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. फितीची जागा आणि रात्रीचा वेळ वाचवण्याच्या बदल्यात मोजलेली ही किंमत आहे.

फितींच्या संख्येबाबत मात्र अमांडा ठाम असते. चक्रात जितक्या रात्री तितक्याच फिती ठेवल्या तर नवी पूर्ण प्रत लिहिताना जुन्या पूर्ण प्रतीवरच लिहिले जाण्याची शक्यता असते, आणि त्याच रात्री वीज गेली तर नवी अपुरी आणि जुनी पुसलेली अशी दुहेरी हानी होते. म्हणून किमान एक फीत जास्त हवी, आणि शक्यतो दोन चक्रे पुरतील इतक्या असाव्यात. प्रत्येक फितीवर अमांडा आधी स्वतःची खूण लिहिते. खूण नसलेल्या किंवा अजून पुसण्याची पाळी न आलेल्या फितीवर ती लिहीत नाही. घाईत चुकीची फीत चढवणाऱ्यांना या हट्टीपणाने अनेकदा वाचवले असेल.

होल्डिंग डिस्क

मंद क्लायंट आणि अखंड प्रवाह मागणारी फीत यांच्यातील पेच अमांडाने सर्व्हरवरील एका मध्यस्थ डिस्कने सोडवला. तिला होल्डिंग डिस्क म्हणतात. अनेक क्लायंट एकाच वेळी आपापल्या गतीने या डिस्कवर प्रती आणून ठेवतात. एखादी प्रत पुरी झाली की ती डिस्कवरून फितीवर पूर्ण वेगाने एका दमात लिहिली जाते, आणि तोवर बाकीच्या प्रती येतच राहतात.

या डिस्कचा दुसरा उपयोग पुढे अनुभवातून अधिक मोलाचा ठरला. फीत चढवायची राहिली, चुकीची चढवली किंवा यंत्र बिघडले, तरी अमांडा रात्र वाया जाऊ देत नाही. ती बदलांच्या प्रती होल्डिंग डिस्कवर घेऊन ठेवते, आणि सकाळी योग्य फीत चढवून 'ॲमफ्लश' ही आज्ञा दिली की त्या फितीवर उतरतात. जागा लवकर संपू नये म्हणून अशा रात्री पूर्ण प्रती सहसा घेतल्या जात नाहीत. व्यवस्थापकाने तशी परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी.

प्रतीचा मथळा

फितीवर प्रत्येक प्रतीच्या आरंभी ३२ किलोबाइटचा एक मथळा असतो. तो साध्या, माणसाला वाचता येणाऱ्या मजकुरात लिहिलेला असतो. प्रत कोणत्या तारखेची, कोणत्या संगणकाच्या कोणत्या डिस्कची, कोणत्या पातळीची आणि कोणत्या आज्ञावलीने घेतलेली, हे त्यात येते. त्याखाली एक वाक्य असते: पुनःस्थापना करायची असल्यास फीत या प्रतीच्या आरंभी आणावी आणि पुढील आज्ञा द्यावी. त्यानंतर ती आज्ञाच पूर्णपणे लिहिलेली असते. 'डीडी' या आज्ञावलीने मथळ्याचा तुकडा ओलांडायचा, 'जीझिप'ने संक्षेपण उलगडायचे आणि 'टार'ने फाइली बाहेर काढायच्या. या तिन्ही आज्ञावली जवळपास प्रत्येक युनिक्स किंवा लिनक्स संगणकावर असतातच.

याचे महत्त्व वाईट दिवशी कळते. आग, पूर किंवा चोरी यांत बॅकअप सर्व्हरच गेला तर त्याच्यासोबत अमांडा, तिच्या मांडणीच्या फाइली आणि तिच्या सर्व नोंदीही जातात. बाहेर कपाटात ठेवलेल्या फिती तेवढ्या उरतात. अशा वेळी प्रणाली पुन्हा बसवून, तिच्या नोंदी पुन्हा उभ्या करून मगच फितीकडे वळावे लागले, तर आधीच हादरलेल्या माणसापुढे आणखी एक डोंगर उभा राहतो. अमांडाची फीत मात्र कोणत्याही उसन्या संगणकावर वाचता येते, आणि ती कशी वाचावी हे तिच्यावरच लिहिलेले असते. एखादी कंपनी बंद पडल्यामुळे किंवा परवाना संपल्यामुळे आपलीच माहिती आपल्याला वाचता न येण्याचा प्रसंगही त्यामुळे येत नाही.

रोजच्या कामानंतर अमांडा त्या रात्रीच्या फितीवर काय काय आहे याचा तक्ता कागदावर छापू शकते. तो घडी घालून फितीच्या डबीत ठेवायचा. संगणकाच्या नोंदींवर विसंबणाऱ्यांना हे जुनाट वाटेल, पण सर्व्हर बंद असताना हा कागदच सर्वांत आधी उपयोगी पडतो.

पुनःस्थापना

नेहमीच्या दिवशी, म्हणजे कोणीतरी चुकून एखादी फाइल पुसली असता, 'ॲमरिकव्हर' ही आज्ञावली वापरतात. तारीख, संगणक आणि डिस्क सांगितली की ती त्या दिवशी डिस्क जशी होती तशी निर्देशिकांची यादी दाखवते. हव्या त्या फाइली निवडल्या की कोणत्या फिती कोणत्या क्रमाने चढवायच्या हे ती सांगते आणि फाइली बाहेर काढते. पुनःस्थापना थेट मूळ जागी न करता आधी रिकाम्या निर्देशिकेत करून, पाहून, मग फाइली हलवाव्यात असा जाणकारांचा सल्ला असतो. टारच्या वाढीव प्रतींमध्ये निर्देशिकेतील पूर्वीची यादीही नोंदलेली असते. त्यामुळे त्या विशिष्ट रीतीने उलगडल्यास नंतर तयार झालेल्या फाइली पुसल्या जाण्याची शक्यता असते.

संपूर्ण डिस्क गेली असेल तर काम अधिक लांबते. अमांडा रिकाम्या यंत्रावर कार्यप्रणाली उभी करून देत नाही. आधी बचाव-डिस्कवरून संगणक सुरू करावा लागतो, नव्या डिस्कचे विभाग पाडावे लागतात आणि मग पातळी ० पासून प्रती एकावर एक उतरवाव्या लागतात. विभाग पूर्वी कसे पाडलेले होते याची नोंद कोणी कागदावर ठेवली नसेल, तर येथे अडायला होते.

तपासणी आणि अहवाल

अमांडाच्या दिनक्रमात दोन वेळा ठरलेल्या असतात. दुपारी, कर्मचारी घरी जाण्यापूर्वी, 'ॲमचेक' चालते. योग्य फीत चढवलेली आहे का, होल्डिंग डिस्कवर जागा आहे का आणि सर्व क्लायंट उत्तर देतात का, हे ती पाहते आणि अडचण असल्यास व्यवस्थापकाला ई-मेल पाठवते. रात्री 'ॲमडंप' प्रत्यक्ष काम करते. सकाळी अहवालाचा ई-मेल येतो. त्यात अपयशे सर्वांत वर असतात, म्हणजे घाईत वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटू नयेत. काम सुरळीत झाले तरी अहवाल येतोच. त्यामुळे ज्या सकाळी तो येत नाही त्या सकाळी काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

या शेवटच्या बाबीचे महत्त्व पटवणारी एक घटना अमांडाशी संबंधित नसली तरी येथे नोंदवण्यासारखी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा डेटाबेसची दुरुस्ती करताना दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील निर्देशिका पुसली. काही क्षणांत चूक लक्षात आली, पण सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी बहुतेक गेली होती. बॅकअपकडे वळल्यावर रोजच्या प्रती घेतल्याच जात नव्हत्या असे आढळले. प्रत घेणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने ती दररोज निष्फळ ठरत होती. अपयशाचे इशारे ई-मेलने पाठवले जात होते, परंतु ते योग्य रीतीने प्रमाणित नसल्यामुळे स्वीकारलेच गेले नव्हते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. त्या सहा तासांत तयार झालेले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती मात्र परत मिळाली नाहीत. कंपनीने या घटनेचा सविस्तर वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला, ही गोष्ट तिच्या श्रेयाची.

फितीवर लिहिले गेले म्हणजे ते वाचता येईलच, हे गृहीत धरता येत नाही. मळलेले वाचन-शीर्ष महिनोन् महिने फितीवर निरुपयोगी खुणा उमटवू शकते. त्यासाठी अमांडात फीत पुन्हा वाचून पाहणारी आज्ञा आहे. पूर्वी ती 'ॲमव्हेरिफाय' या नावाने होती, पुढे तिची जागा 'ॲमचेकडंप'ने घेतली. ती प्रत उलगडून वाचता येते का हे सांगते. आतील फाइली हव्या त्याच आहेत का, हे तिला कळत नाही. त्यासाठी अधूनमधून एखादी फाइल खरोखर परत आणून उघडून पाहावी लागते, आणि अनेक ठिकाणी नेमके हेच काम कोणाच्याही वाट्याला दिलेले नसते.

सुरक्षितता

आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व्हर व क्लायंट एकमेकांना केवळ संगणकाच्या नावावरून ओळखत. विद्यापीठातील विश्वासाच्या वातावरणात ते चालून गेले. केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत लवकरच आली आणि पुढे एसएसएच जोडणीचा पर्याय मिळाला. २.५ आवृत्तीपासून प्रती कूटबद्ध करून लिहिता येतात. कूटबद्ध प्रतीची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवली आणि सर्व्हरच गेला, तर फितीवरील माहिती असून नसल्यासारखी होते. मथळ्यातील आज्ञाही मग कामी येत नाही. किल्लीची प्रत फितीपासून आणि सर्व्हरपासूनही दूर, तिसऱ्या जागी ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

मर्यादा

अमांडा फाइली वाचते त्या क्षणी त्या बदलत असतील तर प्रत विसंगत होऊ शकते. चालू डेटाबेसच्या बाबतीत हे हमखास घडते. म्हणून आधी डेटाबेसची सुसंगत प्रत वेगळ्या फाइलीत काढून मग ती अमांडाकडे द्यावी लागते. पुढील आवृत्त्यांत पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेससाठी स्वतंत्र सोय करण्यात आली. लिनक्सवर डंपचा वापर हळूहळू मागे पडला त्याचे कारणही याच जातीचे आहे. डंप फाइलव्यवस्थेला वळसा घालून थेट डिस्क वाचते, आणि चालू डिस्कवर लिनक्समध्ये हे भरवशाचे राहिले नाही. तेथे आता टारच रूढ आहे.

एकच फार मोठी निर्देशिका असेल तर नियोजकाची कुशलता लंगडी पडते, कारण त्याला वाटून द्यायला तुकडेच नसतात. अशी निर्देशिका यादीत हाताने भागांत तोडावी लागते. शंभर संगणकांवर एकच फाइल असली तर तिच्या शंभर प्रती लिहिल्या जातात. दिवसातून अनेकदा प्रत घेण्यासाठीही तिची रचना सोयीची नाही.

अन्य मुक्त प्रणाली

बॅक्युला ही कर्न सिबाल्ड यांनी २००० मध्ये सुरू केलेली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रणाली मोठ्या संस्थांत अधिक आढळते. 'बॅकअप' आणि 'ड्रॅक्युला' यांची गंमतीदार सांगड तिच्या नावात आहे. तिच्यात नियंत्रण, साठवण आणि फाइलवाचन ही कामे वेगवेगळ्या आज्ञावलींकडे असून सर्व नोंदी एका डेटाबेसमध्ये राहतात. वेळापत्रक व्यवस्थापकाने आखायचे असते, त्यामुळे रविवारची प्रत रविवारीच निघते. फितीवरील स्वरूप मात्र तिचे स्वतःचे आहे. नोंदींचा डेटाबेस गेल्यास ते वाचण्यासाठी स्वतंत्र साधने दिलेली आहेत, पण ती हाताशी असावी लागतात. तिच्यापासून फुटून निघालेली बॅरिऑस ही प्रणाली २०१३ पासून उपलब्ध आहे.

क्रेग बॅरेट यांची बॅकअप-पीसी ही प्रणाली २००१ मध्ये आली. तिला क्लायंटवर स्वतंत्र आज्ञावली बसवावी लागत नाही. विंडोजच्या फाइलवाटपाची पद्धत, टार किंवा आरसिंक यांच्याद्वारे ती माहिती सर्व्हरच्या डिस्कवर आणते, आणि सारखी असलेली फाइल, ती कितीही संगणकांवर असो, एकदाच साठवते. एकाच प्रकारचे अनेक संगणक असलेल्या शाळा आणि कार्यालये यांना याचा मोठा लाभ होतो. वापरकर्त्याला ब्राउझरमधून आपली फाइल स्वतःच परत मिळवता येते. २०१७ मधील चौथ्या आवृत्तीत तिची अंतर्गत साठवण नव्याने रचण्यात आली. तिचा साठा माणसाला सरळ वाचता येत नाही. फाइलींची नावे थोडी बदललेली आणि मजकूर संक्षेपित असतो, त्यामुळे तो उलगडण्यासाठी बॅकअप-पीसीच लागते. साठा डिस्कवरच राहत असल्याने त्या डिस्कची दुसरी प्रत अन्यत्र कशी न्यायची, हा प्रश्नही वापरणाऱ्याला वेगळा सोडवावा लागतो.